माशाच्या तेलात जपलेली जीप

आमच्या जीपला माशाच्या तेलाचा वास येत असे. पेट्रोलचा, ग्रीसचा, तापलेल्या ताडपत्रीचा वासही असायचा, पण तो खाली कुठेतरी दडलेला. आधी नाकात शिरायचा तो मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, तेलाचा, उग्र आणि हट्टी. ईशान, मागे तू फोनवर म्हणालास की तुझ्या मित्राने एक जुनी लष्करी जीप विकत घेतली आहे आणि तुम्ही दोघे सुट्टीच्या दिवशी ती उघडून बसता. तू विचारलंस, "आजी, तुमच्याकडेही होती ना?" मी "होती" एवढंच म्हटलं. तुला वाटलं असेल, आजीला ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. फोनवर सांगावी अशी ती हकिगत नाही. आता सकाळचं काम उरकून, टेबल पुसून, क्रमाने लिहायला बसले आहे. तुझ्या बहिणीला, मीरालाही वाचायला दे. ही गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझे बाबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी गाड्या चालवायला आणि दुरुस्त करायला होते. लढाई संपल्यावर सरकारने उरलेल्या गाड्या विकायला काढल्या. बाबांनी त्यातली एक जीप घेतली आणि बेळगावाहून घाट उतरून स्वतः चालवत घरी आणली. आमचं घर मालवणपासून थोडं आत. घर, माड, भाताच्या कुणग्या, सगळं एकत्र आणि सगळ्यावर शब्द चालायचा तो थोरल्या काकांचा, ज्यांना घरात आणि गावात सगळे आप्पा म्हणत. बाबांची स्वतःची अशी वस्तू म्हणजे ती जीप. आमच्या भागात तेव्हा तांबड्या मातीचे रस्ते, तेही पावसात वाहून जाणारे. एसटी जिथे थांबायची तिथून पुढे बाबांची जीप जायची. व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, चिऱ्यांच्या खाणीवरून, कुणाच्या माडांच्या बागेतून. अडलेली बाळंतीण, साप चावलेला गुराखी, नवरी आणि तिची ट्रंक, सगळं तिने वाहिलं. संध्याकाळी घाटीवर तिचा आवाज आला की आई चुलीवर तवा ठेवायची. बाबा हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत घावने तयार असायचे. आमच्या घरात घड्याळ होतं, पण आई जेवणाची वेळ त्या आवाजावर ठरवायची.

मग बाबांना ताप आला आणि त्या तापातच ते गेले. त्यांना मुलगा नव्हता, मी एकटीच. म्हणून अग्नी दिला तो आप्पांच्या मुलाने, वसंताने. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ आप्पांच्या हिशोबी तिथे होतं. जीप मागच्या मांगरात ढकलून ठेवली गेली. मांगर म्हणजे आमच्याकडे गुरांचा, पेंढ्याचा, अडगळीचा आडोसा. आप्पांनी भंगारवाल्याला बोलावलं होतं. तो यायच्या आधी आईने एक काम केलं, आणि त्या कामामुळे पुढची सगळी कथा घडली.

आई तारकर्लीची. तिचे वडील तांडेल, म्हणजे मोठ्या होडीचे प्रमुख. पावसाच्या आधी होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, खाली माडाचे ओंडके देतात, सगळ्या अंगाला माशाचं तेल चोळतात आणि वर झापांचं छप्पर घालतात. याला शाकारणं म्हणतात. आईला जपणूक म्हणजे एवढंच ठाऊक होतं. तिने तारकर्लीहून तेलाचा डबा मागवला, पदर खोचला आणि जीप शाकारली. गड्यांच्या मदतीने चारी चाकं जमिनीवरून उचलून ओंडक्यांवर टेकवली आणि पत्रा, सांगाडा, चाकांच्या आतली बाजू, जिथे जिथे हात पोचला तिथे तेल चोळलं. पुढे दर वर्षी पावसाआधी ती हेच करत राहिली. भंगारवाला आला, नाकाला रुमाल लावून मांगरात डोकावला आणि आल्या पावली परत गेला. काकी, म्हणजे आप्पांची बायको, विहिरीवर बायकांना ऐकू जाईल अशी म्हणायची, "आमच्या मांगरात गाडी न्हय गो, मुशी मरान पडली हा! म्हायाराची आठवण येता तर थंयसर जावचा, आमच्या नाकाक त्रास कित्याक?" आई कळशी भरत म्हणायची, "वास काय, पावसात धुवान जातलो. लोखंड सडला तर कोण परत हाडतलो?" हाडतलो म्हणजे आणणार.

त्या घरात आम्हा दोघींचं स्थान काय होतं ते एका गोष्टीवरून सांगते. बांगड्यांचं तिरफळ घातलेलं सार आई करायची. घरात तिच्याइतकं चांगलं ते कुणालाच जमत नसे. वाढायची मात्र काकी. आधी आप्पा आणि वसंत, मग काकी आणि तिच्या मुली, मग मी, शेवटी आई. बांगड्याचा मधला तुकडा आईच्या पानात मी कधी पाहिला नाही. शेपूट नाहीतर डोकं. आई ते डोकं इतक्या निगुतीने खायची की पाहणाऱ्याला वाटावं, हिला तेच आवडतं. मला पुष्कळ वर्षं तसंच वाटत होतं.

बाबांनी मला मालवणच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. मी मॅट्रिक झाले, चांगल्या रीतीने झाले. पुढे कोल्हापूरला कॉलेज. आप्पा म्हणाले, "चेडवाक इतक्या शिकान काय करूचा आसा? घरातला करीत." त्याच दिवसांत बाबूमामा, आईचा धाकटा भाऊ, एका लाँचवर इंजिनाचं काम करायचा तो, सुट्टीवर आला. मांगरात जाऊन त्याने बोटाने जीपचा पत्रा खरवडला. तेलाच्या काळ्या थराखाली लोखंड स्वच्छ होतं. तो आईला म्हणाला, "बाय, ही मेली नाय. ही निजली हा." मग त्या दोघांनी पडवीत बसून ठरवलं. जीप चालू करायची. मामा ती चालवेल. किनाऱ्यावरची सुकी मासळी, आंब्याच्या पेट्या, बाजाराची माणसं तळेऱ्याच्या नाक्यापर्यंत पोचवायची; तिथे मोठे ट्रक थांबतात. त्या कमाईवर आई आपली चूल वेगळी मांडेल आणि मी कोल्हापूरला जाईन. आई मला म्हणाली, "शाली, ती रस्त्यार इली काय तू भायर पडलंस." माझं कॉलेज त्या दिवसापासून मांगरात ओंडक्यांवर उभं होतं.

त्या दुरुस्तीबद्दल मला खूप लिहिता येईल, कारण त्या महिन्यांइतकी मी पुढे क्वचितच हसले. सीटखाली कोंबडी अंडी घालत होती, ती उठायला तयार नव्हती. उंदरांनी गाद्यांचा काथ्या ओढून आपला संसार थाटला होता. आणि आईच्या तेलाने एक घोटाळा केला होता. लोखंड वाचलं होतं, पण रबर गेलं होतं. नळ्या फुगून मऊ झाल्या होत्या, वायरींवरचं आवरण हातात पिठल्यासारखं यायचं. मामाने कपाळाला हात लावला, "बाय, होडीक रबर नसता गो!" आई म्हणाली, "माका काय म्हायत? हिच्यात रबर खंय खंय आसा ता हिणा सांगूक नाय."

बाबांचं लष्करी माहितीपुस्तक होतं, इंग्रजीत, वाळवीने अर्धं खाल्लेलं. मामा गाडीखाली पाठीवर आडवा, मी बाहेर पाटावर बसून वाचणार आणि मालवणीत सांगणार.

"वाच गो शाली. काय म्हणता तो गोरो?"

"म्हणता, पयलो प्लग काढ, साफ कर. मगे पॉइंटातला अंतर बघ."

"अंतर किती?"

"ता पान वाळवीन खाल्ला."

"मेल्या वाळवीक इंग्रजी बरी पचता रे!"

शाळेत मी इंग्रजी कविता पाठ केल्या होत्या. पण भाषा कशासाठी असते ते मला त्या पाटावर कळलं. मामाचाही एक घोटाळा झाला. लाँचचं इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी फिरवतात. त्याने जीपच्या रेडिएटरमध्ये मांगराजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी ओतलं. आईने हटकलं तर म्हणाला, "लाँचीक अख्खो समुद्र चलता, हिका ह्या कित्याक चलूचा नाय?" थोड्याच दिवसांत रेडिएटरच्या जोडांवर हिरवट पांढरी बुरशी धरली आणि पाणी गळायला लागलं. शेवटी मालवणच्या तांबटाकडून, जो हंडे आणि घागरी सांधायचा, त्याच्याकडून तो डाग देऊन आणला. टायर तळेऱ्याच्या एका गॅरेजवाल्याने दिले, सुके बांगडे आणि आमसुलांच्या बदल्यात. हे सगळं चालू असताना आप्पा पडवीत सुपारी कातरत बसलेले असायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "ही गाडी बायलांच्या हातान सुरू झाली, तर मी मिशी काढतंय!" वसंत मुंबईहून परतला होता, तिथे कुठल्याशा टॅक्सीवर क्लीनर म्हणून राहिला होता. केसांना भरपूर तेल लावून, शीळ घालत तो मांगराच्या दारातून बघायचा. एक स्क्रू त्याने उचलून दिला नाही.

एका दुपारी मामाने हँडल मारलं, पुन्हा मारलं, आणि ती खोकली. मग धूर, मग तो आवाज. आई कांदा चिरत होती. ती हातात अर्धा कांदा घेऊनच धावत आली. मांगराच्या दारात तिने खांबाला धरलं आणि उभी राहिली. त्या आवाजाला ती बाबांच्या जेवणाची वेळ म्हणून ओळखत होती. थोड्या वेळाने ती आत गेली आणि तिने घावन्यांचं पीठ भिजवायला घेतलं. मामाला मात्र काहीच कळलं नाही, तो गाडीभोवती नाचत होता.

ओहोटीच्या वेळी तारकर्लीची वाळू ओली आणि घट्ट असते. मामा आणि मी गाडी चालवायला तिथे शिकलो. मामा तळेऱ्याच्या एका ट्रकवाल्याकडून थोडंफार शिकून आला होता, पण त्याची भाषा लाँचवरचीच. "सुकाणू डावीकडे मार गो! मार, मार, होडी इली!" "मामा, सुकाणू न्हय, स्टेअरिंग!" "ता काय ता, पण मार!" रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढणारे लोक दोर सोडून बघत राहायचे आणि ओरडायचे, "अरे, तांडेलाची नात गाडी हाकता रे!" आई मागच्या बाकावर दोन्ही हातांनी कडी धरून बसायची. तिच्या चेहऱ्याला वारा लागत होता आणि ती हसत होती, पदर डोक्यावरून उडाला तरी तिने तो सावरला नाही. माझ्याजवळ आईचा फोटो एकच आहे आणि त्यात ती हसत नाही. म्हणून हे लिहून ठेवते.

आता कडू भाग. आमच्याकडे नवी होडी पाण्यात घालायची, विहीर खणायची, माणूस आगबोटीने मुंबईला निघायचा, तर आधी देवाकडे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. गावकार, म्हणजे देवस्थानचा मानकरी, देवासमोर उभा राहून मोठ्याने मागणं मागतो, आणि त्याचा श्वास जिथे थांबतो तिथे जमलेले सगळे पुरुष एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" शब्दांकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. लहानपणापासून कानांना तो ताल ठाऊक असतो. थांबा आला की तोंडातून होकार निघतो. जीप रस्त्यावर आणायची तर गाऱ्हाणं हवंच, यात आईलाही शंका नव्हती. आप्पा आपण होऊन म्हणाले, "नारळ माझो." आईला ते बरंच वाटलं. घरचा मोठा माणूस शेवटी पाठीशी उभा राहिला, असं तिला वाटलं.

देवळासमोर जीप उभी होती, झेंडूची माळ घातलेली. मी आणि आई बायकांत, खांबापाशी. आप्पा गावकाराला अगदी लागून उभे. मी त्यांचे ओठ हलताना पाहिले. गावकाराने मान डोलावली आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझ्या पायाकडे जो नारळ ठेवललो आसा, तो मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो तुझो लेकरू आप्पा आणि तेचो झील वसंत, हेनी आपली गाडी दुरुस्त करून रस्त्यार हाडल्यानी हा, तेंका यश दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्या होकारात बाबूमामाचा आवाज होता. समुद्रावर हाका मारून कमावलेला त्याचा आवाज, सगळ्यांपेक्षा वरचा. तो म्हणून गेला आणि मग त्याला अर्थ कळला: देवासमोर जीप आप्पांची आणि त्यांच्या मुलाची ठरली होती. त्याचं तोंड उघडंच राहिलं. गावकार पुढे सरकला होता, पुढचा थांबा आला, सगळे पुन्हा म्हणाले, आणि मामा नुसता उभा. मी आईकडे पाहिलं. ती देवाकडे बघत होती, जणू देव काही दुरुस्ती सुचवणार होता.

नारळ फुटला आणि वसंत जाऊन जीपमध्ये बसला. त्या जीपला चावी नव्हती, नुसतं बटण होतं. चावी असती तर ती आईच्या कमरेला असती.

मामा पुढे झाला. "आप्पानू, गाडी माझ्या बायची. सगळ्या गावाक म्हायत आसा."

"गावाक म्हायत आसा, तर गाव 'व्हय म्हाराजा' कसो म्हणालो?" आप्पा शांतपणे म्हणाले. "आणि तू रे बाबू? माझ्या कानान ऐकलंय. सगळ्यांत मोठो आवाज तुझो."

"सवयेन इलो तोंडातसून!"

"देवाकडे सवय चलना नाय. अग्नी कोणी दिलो माझ्या भावाक? दर वर्षाचा पाणी कोण दिता? मगे गाडी खंय जातली? हो घे, नारळाचो वाटो घे, आणि जा."

जेठाने धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही अशी आमच्याकडे रीत. म्हणून आप्पा हवेत बोलल्यासारखं म्हणाले, "शालूच्या आवशीक सांगा, गाडी घरातच आसा, भायर खंय गेली नाय." जमलेल्या लोकांतलं कुणी काही बोललं नाही. त्यांनी नुकताच होकार दिला होता आणि देवाच्या दारात दिलेला होकार मागे घेण्याची रीत नाही. मामा त्या दिवशी न जेवता तारकर्लीला चालत गेला. आप्पांनी मिशी काढली नाही.

त्यानंतर जीप वसंत चालवू लागला. आधी आंब्याच्या पेट्या, मग माणसं, मग ती गोव्याच्या दिशेने जायला लागली. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता, आणि पलीकडचा माल चोरून अलीकडे आणणं हा पुष्कळांचा धंदा झाला होता. घरात विलायती साबण आला, चीजचे डबे आले, काकीला नायलॉनचं पातळ आलं, आप्पांच्या खोलीत बाटल्या आल्या. काकी आईला साबणाची वडी दाखवून म्हणायची, "घे गो, माशाचो वास तरी जायत." आईने ती घेतली नाही. माझ्या कॉलेजचं विचारलं की आप्पा म्हणायचे, "फुडल्या वर्साक बघूया." मी घरात राहून काकीच्या मुलींना इंग्रजी शिकवत होते.

आणि एक दिवस दुपारच्या एसटीच्या कंडक्टरने निरोप आणला. गोव्याच्या हद्दीजवळ, इन्सुलीच्या नाक्यावर गाडी धरली, मालासकट, आणि वसंत अटकेत. गाडीचे कागद अजून बाबांच्या नावावर होते. ते बदलून घ्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं. देवाकडे झालं म्हणजे झालं. नाक्यावरच्या कस्टमच्या साहेबाने मयताच्या बायकोला बोलावलं होतं. आप्पा, आई आणि मी एसटीने निघालो. मला घेतलं ते साहेबासमोर बोलता यावं म्हणून. सगळा प्रवासभर आप्पा पुढच्या बाकावर बसून होते. इन्सुलीला उतरल्यावर, नाक्याच्या अलीकडे एका झाडाखाली ते थांबले आणि आयुष्यात पहिल्यांदा आईशी थेट बोलले.

"आयक. सायब तुका इचारतलो. सांग, गाडी माझी आणि माल माझो. वसंत निस्तो चालय होतो, तेका काय म्हायत नाय. बाईमाणूस म्हणान तुका सोडतीत. गाडी तू घेवन जा. मी आडवो येवचंय नाय. शालूक खंय धाडूची थंय धाड."

आई पदर सावरून नाक्याकडे चालू लागली. मी तिच्याकडे बघत होते आणि खरं सांगते, माझ्या मनात ट्रंक भरायला सुरुवात झाली होती. दोन पातळं, बाबांचा शब्दकोश, आमसुलांची बरणी. खोटं बोलायचं होतं, पण ज्यांनी आधी देवासमोर खोटं बोलून जीप घेतली त्यांच्यासाठीच तर ते होतं, आणि बदल्यात आमची वस्तू आम्हाला परत मिळणार होती. मला तो सौदा अन्यायाचा वाटला नाही. आजही वाटत नाही.

नाक्याच्या आवारात जीप उभी होती. गाद्या फाडून बघितल्या होत्या, काथ्या बाहेर लोंबत होता. बाहेरच्या बाकावर वसंत बसला होता, हातात बेडी. केस विस्कटलेले. आमच्याकडे बघून त्याने हसायचा प्रयत्न केला. आई त्याच्यासमोर थोडी थांबली, त्याच्या हातांकडे पाहिलं आणि आत गेली.

साहेब घाटावरचा, तरुण, सभ्य माणूस होता. त्याने आईला खुर्ची दिली. म्हणाला, "बाई, कागदावर तुमच्या यजमानांचं नाव आहे. वारस तुम्ही. गाडी तुमची असेल आणि मुलगा तुमच्या सांगण्यावरून आला असेल, तर तसं सांगा. तुमच्याविरुद्ध पूर्वीचं काही नाही. दंड होईल, गाडी पुढेमागे सुटेल. गाडी दुसऱ्या कुणाची असेल तर मात्र हा मुलगा आत जाईल आणि गाडी सरकारजमा."

"यांचीच साहेब," आप्पा शुद्ध मराठीत म्हणाले. "माझ्या मयत भावाची. यांचीच गाडी."

साहेब आईकडे वळला. आईही सावकाश, शब्द जोडत शुद्ध मराठीत बोलली. "गाडी माझी नाही. देवळात नारळ ठेवून, गावासमोर ज्यांचं नाव घेतलं, त्यांची. तेव्हा कुणी नाही म्हणालं नाही."

साहेबाला काही उमगेना. त्याने मला विचारलं, "तू शिकलेली दिसतेस. आई काय म्हणते?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. आई पाहत नव्हती. आणि मी सांगितलं. गाऱ्हाणं म्हणजे काय, गावकार कोण, होकार कुणी दिला, नाव कुणाचं घेतलं. शुद्ध भाषेत, क्रमाने, एकही वाक्य न अडखळता. शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मिळालेली मुलगी होते मी. माझ्या प्रत्येक वाक्याबरोबर कोल्हापूर लांब जात होतं, हे मला दिसत होतं, आणि आई तिथे बसलेली असताना मी दुसरं काही बोलू शकत नव्हते.

"चेडवा, गप रव!" आप्पा ओरडले.

"खोटं आहे का हे?" साहेबाने त्यांना विचारलं.

आई म्हणाली, "देवाचं नाव घेऊन त्यांनी 'गाडी माझी नाही' म्हणावं. मग मी गाडी माझी म्हणून सही करते."

आप्पा पोलिसाला भीत नव्हते, सरकारला भीत नव्हते. देवाला भीत होते. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या मुलाला वाचवायला एक शब्द पुरला असता आणि तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. साहेबाने लिहायला घेतलं.

वसंत काही महिने तुरुंगात राहिला. जीप नाक्याच्या आवारात उघड्यावर पावसात उभी राहिली, मग कुणा खडीच्या ठेकेदाराने घेतली असं ऐकलं. आमची चूल वेगळी झाली खरी, पण पडवीच्या कोपऱ्यात, आणि कमाई कसलीच नाही. तारकर्लीपर्यंत आईच्या स्वाभिमानाची चर्चा झाली. मामा ती गोष्ट होड्यांवर सांगायचा, बायका आईला बघून आदराने वाट द्यायच्या. माझ्या कॉलेजचा विषय पुन्हा निघाला नाही. वर्षाने माझं तुमच्या आजोबांशी लग्न झालं आणि मी मुंबईला आले. बी.ए. मी पुढे केलं, तुमची आई पाळण्यात असताना, घरी अभ्यास करून. लोक त्याचं कौतुक करतात. मला ते कौतुक कधी गोड लागलं नाही. जे अठराव्या वर्षी हवं असतं ते तिसाव्या वर्षी मिळालं तर ती दुसरीच वस्तू असते.

आई म्हातारी झाल्यावर माझ्याकडे राहायला आली. एका सकाळी ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बांगडे साफ करत बसली होती. मी तिच्याजवळ पाटावर बसले आणि इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं.

"आये, त्या दिवशी 'गाडी माझी' म्हटला असतंस तर?"

"तर तू शिकली असतंस," ती विळीवरून नजर न उचलता म्हणाली.

"मगे कित्याक म्हणूक नाय? लोक म्हणतत, मानाखातर."

"लोक काय, म्हणतत." तिने एका बांगड्याचे कल्ले काढले, पाण्यात बुडवले. "भायर बाकड्यार वसंत बसललो. हातात बेडी. माका ती काढूची नव्हती."

"तेवढ्याखातर?"

"तेवढ्याखातर."

मी साफ केलेले बांगडे धुऊन घेतले. बाहेर कुणीतरी जिन्यावरून उतरत होतं. मग विचारलं, "बरा वाटला?"

"वरीसभर बरा वाटला," आई म्हणाली. "मगे तुझा लगीन झाला."